आतला निरोप्या आणि साखर-मिठाचं पाणी

मिहानच्या आजूबाजूच्या गावांमध्ये पावसाळ्याच्या तोंडावर बचत गटाच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास येतो. पोराला जुलाब लागले. पाणी पाजलं की पाचव्या मिनिटाला खाली. मग पाजून काय फायदा? पाणी बंद केलं तर पोट कोरडं पडेल आणि जुलाबही आपोआप थांबतील, असं घरातली मोठी माणसं सांगतात. मायला वाटतं, बरोबरच आहे, डोळ्यांनी तर तसंच दिसतंय.

हा प्रश्न वेडेपणाचा नाही. पण त्याचं खरं उत्तर पोटावर हात ठेवून कळत नाही. ते आतड्याच्या पेशीच्या आत आहे, आणि तिथे एक इवलासा निरोप्या काम करतो. त्याचं नाव सायक्लिक एएमपी. नाव शाळेतल्या पुस्तकातलं वाटतं, पण हा निरोप्या तुमच्या-आमच्या अंगात या घडीलाही धावतो आहे. तो कसा वागतो हे एकदा समजलं, की साखर-मिठाचं पाणी का पाजायचं, किती पाजायचं, आणि जुलाब थांबले नाहीत तरी का पाजत राहायचं, हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून आजची गोष्ट त्याची.

गेटवरचा पाहुणा

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. पेशी म्हणजे घराची वीट म्हणा, पण जिवंत वीट. प्रत्येक पेशीला चारही बाजूंनी तेलकट पातळ पडदा असतो. त्यातून वाटेल ते आत शिरू शकत नाही.

आता मिहानमधल्या एखाद्या कंपनीचं गेट डोळ्यांपुढे आणा. आपल्यातल्या कितीतरी जणी तिथे कामाला जातात. बाहेरचा माणूस आला, की तो गेटवरच थांबतो. गेटवरचा पहारेकरी त्याची ओळख पाहतो आणि बेलचं बटण दाबतो. आत बेल वाजते, निरोप पोचतो, मुकादम उठतो आणि माणसांना कामाला लावतो. बाहेरचा पाहुणा आत पाऊलही टाकत नाही. आत जातो तो फक्त त्याचा निरोप.

पेशीचं असंच आहे. रक्तातून येणारे बरेच संदेश, ज्यांना आपण हार्मोन म्हणतो, पेशीच्या पडद्यापाशीच थांबतात. शेतात गवत कापताना पायाजवळ साप सळसळला, की छातीत धस्स होतं. त्या क्षणी मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या दोन लहान ग्रंथी ॲड्रेनॅलिन नावाचं हार्मोन रक्तात सोडतात. ते यकृताच्या पेशीपाशी येतं, म्हणजे काळजाशेजारच्या त्या मोठ्या अवयवापाशी. पडद्यावर त्याच्या मापाचं एक गेट असतं, त्यात ते बसतं. गेटला लागून आतल्या बाजूला पहारेकरी असतो. त्याला जी-प्रोटीन म्हणतात. तो बटण दाबतो. मग पडद्यातच बसलेलं एक यंत्र सुरू होतं आणि धडाधड निरोपे तयार करू लागतं. हे निरोपे म्हणजे सायक्लिक एएमपी.

ते बनतात कशापासून? पेशीत एटीपी नावाचा पदार्थ भरपूर असतो. पेशीचं रोजचं इंधन म्हणजे एटीपी. यंत्र एटीपीचे दोन तुकडे तोडून टाकतं आणि उरलेल्याचं शेपूट वळवून त्याचं कडं करतं, बांगडीसारखं. कडं झालं म्हणून सायक्लिक. एक ॲड्रेनॅलिन गेटवर आलं तर आत शेकडो निरोपे तयार होतात. बाहेरच्या हळू हाकेची आत अशी मोठी आरोळी होते.

हे निरोपे मुकादमाला उठवतात. मुकादमाचं नाव प्रोटीन कायनेज ए. तो उठला, की यकृतातल्या साठ्याची साखर फोडायला लावतो. साखर रक्तात येते, हातापायांना बळ मिळतं, आणि आपण बांधावर उडी मारून मोकळ्या होतो. साप निघून गेला की काम थांबायला हवं. त्याचीही सोय आहे. पहारेकरी फार वेळ बटण धरून ठेवत नाही, काही क्षणांतच बोट उचलतो. आणि आत पसरलेले निरोपे आवरायला दुसरं एक एन्झाइम असतं, ते प्रत्येक कडं उघडून टाकतं. बेल वाजली, काम झालं, शांत झालं. हे शांत होणं फार महत्त्वाचं आहे, ते लक्षात ठेवा. पुढे त्यावरच सगळं अडणार आहे.

वाटलेल्या यकृतातून सापडलेला

हा निरोप्या अमेरिकेतल्या अर्ल सदरलँड नावाच्या शास्त्रज्ञानं शोधला. त्यांची रीत आपल्या स्वयंपाकघरातल्या माणसाला सहज कळेल अशी आहे. त्यांनी जनावराचं यकृत वाटलं आणि त्याचे दोन भाग वेगळे केले. एका भागात पेशींच्या पडद्यांचे तुकडे, दुसऱ्या भागात आतलं पातळ पाणी. नुसत्या पातळ पाण्यात ॲड्रेनॅलिन घातलं तर काहीच झालं नाही. मग त्यांनी ॲड्रेनॅलिन पडद्यांच्या तुकड्यांसोबत ठेवलं, ते मिश्रण उकळलं, आणि त्यातलं पाणी पातळ भागात मिसळलं. लगेच साखर फोडणारं एन्झाइम जागं झालं.

याचा अर्थ काय? पडद्यापाशी ॲड्रेनॅलिन आलं, की तिथे काहीतरी नवीन तयार होतं, आणि तेच आत जाऊन काम करतं. ते उकळल्यावरही टिकतं, म्हणजे ते लहान आणि चिवट आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याची ओळख पटली, ते सायक्लिक एएमपी निघालं. हार्मोन हा पहिला निरोप्या आणि हा दुसरा, असं तेव्हापासून शास्त्रज्ञ म्हणू लागले. या कामासाठी सदरलँड यांना १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळालं. हे साल ध्यानात असू द्या, ते पुन्हा येणार आहे.

निरोप्या एकच, कामं अनेक

आता कुणी विचारेल, सगळीकडे निरोप्या एकच, तर मग गोंधळ होत नाही का? नाही होत, कारण निरोप एकच असला तरी ज्याच्या घरी तो जातो त्याचं काम वेगळं असतं. पोळ्याची डफडी वाजली, की एकजण बैल सजवायला धावतो, दुसरी पुरणाला लागते, पोरं मैदानात पळतात. डफडी एकच.

हृदयाच्या पेशीत सायक्लिक एएमपी वाढलं, की ठोके जोरात पडतात. श्वासनळीच्या स्नायूत वाढलं, की स्नायू सैल होतो. दम्याच्या माणसाला निळ्या पंपातून जे सालब्युटामॉल देतात, ते श्वासनळीच्या पेशीच्या गेटवर बसतं, आत हाच निरोप्या वाढतो, आणि आवळलेली नळी मोकळी होते. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मेंदूचा आदेश ऐकते तीही याच निरोप्यातून. दर महिन्याला अंडाशयात बीज पिकतं, त्यामागच्या हार्मोनचा निरोपही आत हाच नेतो. आपली पाळी, आपलं बाळंतपण, आपला दम, आपली भीती, सगळ्यात याचा हात.

आणि मूत्रपिंडात? अंगात पाणी कमी पडलं, की मेंदू एक हार्मोन सोडतो. ते मूत्रपिंडाच्या पेशीच्या गेटवर येतं, आत सायक्लिक एएमपी वाढतं, आणि पेशी पाण्यासाठी जास्त वाटा उघडते. लघवीत जाणारं पाणी परत अंगात ओढलं जातं. उन्हातान्हात निंदण करून आलो, की लघवी कमी आणि गडद होते, ती यामुळे. म्हणजे मूत्रपिंडात हा निरोप्या पाणी वाचवतो. आतड्यात मात्र त्याचं काम उलटं आहे.

आतड्यातला नळ

आपण दिवसाला दोनेक लिटर पाणी आणि पातळ पदार्थ पोटात घेतो. पण लहान आतड्यात रोज साधारण ८ ते ९ लिटर द्रव येतो. बाकीचा येतो लाळेतून, जठरातून, पित्तातून आणि आतड्याच्या स्वतःच्या भिंतीतून. अन्न पातळ व्हायला, सरकायला तो लागतो. मग त्यातला जवळजवळ सगळा आतडं परत शोषून घेतं. शौचावाटे जेमतेम वाटीभर जातो. म्हणजे आतड्याच्या भिंतीत पाणी बाहेर सोडणारे नळही आहेत आणि पाणी आत घेणारी दारंही आहेत. दोन्हींचा मेळ बसला, की पोट ठीक.

पाणी सोडणारा नळ सायक्लिक एएमपीच्या ताब्यात असतो. पेशीत निरोप्या वाढला, की मुकादम उठतो आणि पेशीच्या पोटाकडच्या तोंडाला असलेला क्लोराईडचा मार्ग उघडतो. क्लोराईड म्हणजे मिठाचा अर्धा भाग. तो बाहेर पडला, की मागोमाग सोडियम जातं, म्हणजे मिठाचा दुसरा अर्धा. आणि मीठ जिथे जातं तिथे पाणी जातंच. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं, की पाणी सुटतं, ते तुम्ही दरवर्षी पाहता. तोच कायदा इथे. नेहमी हा नळ थोडा उघडतो, काम झालं की बंद होतो.

आता कॉलरा. आपल्याकडे याला पटकी म्हणत. मरीआईची ठाणी गावोगावी आहेत, तिचं नाव या रोगाच्या धास्तीशी जोडलेलं आहे. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी गेला, अशा गोष्टी आपल्या आज्यांनी ऐकलेल्या असतात. ही जुनी गोष्ट झाली असं समजू नका. जुलै २०२२ मध्ये आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यात, पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीच्या दूषित पाण्यातून कॉलऱ्याची साथ आली आणि माणसं दगावली.

कॉलऱ्याचा जंतू आतड्याची भिंत कुरतडत नाही, तिला भोकं पाडत नाही. हे कळायला फार वर्षं लागली. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात या जंतूचा माग पक्का केला. पण तो माणसाला मारतो कसा, ते कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवलं. त्यांनी जंतू ज्या पाण्यात वाढवले होते ते पाणी गाळून जंतू काढून टाकले, आणि नुसतं गाळलेलं पाणी सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडलं. आतडं पाण्यानं फुगलं. म्हणजे अपराध जंतूनं सोडलेल्या विषाचा होता.

हे विष करतं काय, ते १९७० च्या दशकात उलगडलं. विषाचा एक तुकडा पेशीच्या आत शिरतो आणि थेट पहारेकऱ्याला, म्हणजे जी-प्रोटीनला, गाठतो. तो पहारेकऱ्याचं बोट बटणावरच चिकटवून टाकतो, डिंक लावावा तसं. गेटवर पाहुणा कुणीच नाही, तरी बेल वाजतच राहते. यंत्र निरोपे बनवतच राहतं. आवरणारं एन्झाइम किती आवरणार? मुकादम उभाच, नळ पूर्ण उघडा. भाताच्या धुवणासारखे पांढुरके पातळ जुलाब सुरू होतात. जोराचा कॉलरा झालेल्या मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. ते पाणी रक्तातून आलेलं असतं. रक्त आटतं, नाडी बारीक होते, डोळे खोल जातात. तिकडे मूत्रपिंडात तोच निरोप्या थेंबथेंब वाचवायला धडपडत असतो, म्हणून लघवी बंद होते. एकाच अंगात एक निरोप्या पाणी राखतो आणि दुसरीकडे तोच उधळतो.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे पाहा. जुलाबातलं पाणी म्हणजे आत्ता पाजलेलं पाणी नुसतं घसरून खाली आलं, असं नाही. ते लेकराच्या रक्तातलं पाणी आहे. आपण पाजलं नाही तरी ते जातच राहणार, कारण नळ अडकलेला आहे. पाजणं बंद केलं, की जाणं थांबत नाही, फक्त भरणं थांबतं. टाकीची तोटी तुटली असताना वरचा पाइपही बंद केला, तर टाकी लवकर रिकामी होते, एवढंच.

दुसरं दार

मग अडकलेला नळ बंद कसा करायचा? घरी तो बंद करता येत नाही. पण दोन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत.

पहिली गोष्ट. आतड्याच्या आतलं अस्तर कायमचं नसतं. साधारण चार-पाच दिवसांत जुन्या पेशी झडतात आणि नव्या येतात. ज्यांचं बटण चिकटलं त्या पेशी झडून गेल्या, की नळही गेला. शरीर स्वतःच दुरुस्ती करून घेतं. आपल्याला फक्त तेवढे दिवस माणूस तगवायचा आहे.

दुसरी गोष्ट. पाणी आत घेणाऱ्या एका साध्या वाटेवरही हा निरोप्या अडसर घालतो, म्हणून नुसतं पाणी किंवा नुसतं मिठाचं पाणी दिलं तर ते नीट शोषलं जात नाही. पण आतड्याच्या भिंतीत आणखी एक दार आहे, आणि त्याच्यावर सायक्लिक एएमपीची हुकमत चालत नाही. त्या दाराची अट वेगळी आहे. सोडियम एकटं आलं तर ते उघडत नाही, साखर एकटी आली तरी उघडत नाही. दोघं जोडीनं आले, की उघडतं आणि दोघांनाही आत घेतं. मग मिठामागे पाणी आत जातंच. रॉबर्ट क्रेन नावाच्या शास्त्रज्ञानं ही जोडीची गोष्ट १९६० साली मांडली. कॉलरा कितीही जोरात असला तरी हे दार चालू राहतं. १९६८ साली ढाक्यात डॉक्टरांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी तोंडानं पाजून ते पडताळून पाहिलं.

आणि मग १९७१ साल आलं. बांगलादेशच्या लढाईतून लाखो निर्वासित बंगालमध्ये आले होते. सीमेजवळच्या बनगावच्या दवाखान्यात कॉलऱ्याचे रुग्ण जमिनीवर दाटीवाटीनं पडले होते. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालानबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मापून पाकिटं तयार करवली, ती पिंपातल्या पाण्यात विरघळवली, आणि रुग्णांच्या आया-बहिणींना, नातेवाइकांना सांगितलं, तुम्हीच पाजा. सलाईन अपुरं पडत असलेल्या छावण्यांत कॉलरा झालेल्या शंभरातले सुमारे तीस जण दगावत होते. हे पाणी पाजलं तिथे हे प्रमाण शंभरात चाराच्या आत आलं. त्याच वर्षी तिकडे सदरलँड यांना निरोप्याच्या शोधाचं नोबेल मिळालं. महालानबीस यांना देशानं २०२३ साली पद्मविभूषण दिलं. तोवर ते आपल्यात नव्हते.

या गोष्टीत आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की जीव वाचवणारे हात नातेवाइकांचे होते. वाटी-चमचा घेऊन शेजारी बसणारं माणूस, एवढंच त्याला लागलं.

एक खुलासा करायला हवा. प्रत्येक जुलाब कॉलऱ्याचा नसतो, आणि प्रत्येक जुलाबात याच निरोप्याचं बटण अडकलेलं असतं असंही नाही. काही ई. कोलाय जंतूंचं विष कॉलऱ्यासारखंच बटण चिकटवतं. रोटाव्हायरसची तऱ्हा वेगळी असते. त्याची लस सरकारी लसीकरणात मोफत मिळते, ती बाळाला वेळेवर द्या. पण मीठ-साखरेच्या जोडीचं ते दार बहुतेक जुलाबांत उघडंच असतं. म्हणून उपाय एकच.

घरी कसं करायचं

सगळ्यात चांगलं ओआरएसचं पाकीट. आशाताईकडे, अंगणवाडीत, आरोग्य उपकेंद्रात ते मिळतं. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, लहान पाकीट एका पेल्याच्या मापाचं, म्हणजे २०० मिलीलिटरचं असतं. पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते वाचा. अर्धं पाकीट घालून उरलेलं ठेवू नका, पूर्ण पाकीट पूर्ण पाण्यात. उकळून गार केलेलं पाणी घ्या. तयार केलेलं पाणी २४ तासांत वापरा, उरलं तर फेकून नवीन करा.

पाकीट नसेल तर घरी करा. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सपाट सहा चमचे साखर, आणि चहाचा सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा सपाट म्हणजे वरचा ढीग बोटानं निपटून काढलेला. चाखून पाहा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेकून द्या आणि पुन्हा करा. मीठ जास्त झालं तर लेकराला अपाय होतो.

साखर जास्त घातली तर ताकद जास्त येईल, असं काहींना वाटतं. तसं नाही. दाराला हवी तेवढीच साखर आत जाते. उरलेली आतड्यात राहते आणि कैरीच्या मिठासारखं उलट पाणी ओढून आणते. म्हणून थंड पेय, डब्यातलं फळांचं सरबत, गोड चहा हे जुलाबात चालत नाही. बाजारात काही गोड पेयं ओआरएसच्या नावानं विकली जात. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ओआरएस लिहायला मनाई केली. तरी दुकानातून घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेलं आहे असं लिहिलंय का, ते पाहा.

आणि आपल्या आजीची भाताची पेज? ती बरोबरच होती. भातातला पिठूळपणा आतड्यात हळूहळू फुटून साखरच होते, आणि चिमूटभर मीठ घातलं, की जोडी जमते. डाळीचं पाणी, मीठ घातलेलं ताक, पातळ आंबील हेही द्या. केळं द्या, त्यात पोटॅशियम असतं, जुलाबात तेही वाहून जातं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध एक वेळही बंद करू नका. जेवणही बंद करू नका, थोडं थोडं द्या.

किती पाजायचं? दर पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या लेकराला पाव ते अर्धा कप, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक कप, मोठ्या माणसाला पिववेल तेवढं. कप म्हणजे २०० मिलीलिटरचा. लहान बाळाला चमच्यानं, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा चमच्यानं, दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा.

त्यासोबत झिंकची गोळी. सहा महिन्यांवरच्या लेकराला रोज २० मिलीग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलीग्रॅम, असे १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळी थांबवायची नाही. आशाताई ती देतात आणि कशी विरघळवायची ते दाखवतात.

दुकानातून जुलाब बंद करायची गोळी आणून लेकराला देऊ नका. ती आतड्याची हालचाल मंद करते, पण नळ बंद करत नाही. पाणी पोटातच साचतं, बाहेर दिसत नाही, आणि आपल्याला वाटतं बरं झालं. अँटिबायोटिक द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील.

मोजायचं काय

मैत्रिणींनो, बऱ्याच जणी इथे धीर सोडतात. ओआरएस पाजलं, पण जुलाब तेवढेच. मग म्हणतात, याचा गुण नाही. पण ओआरएसचं काम जुलाब थांबवणं हे नाहीच. नळ आपल्या वेळेनं थांबेल. ओआरएसचं काम गेलेलं पाणी भरून काढणं आहे. म्हणून शौचाच्या फेऱ्या मोजून ओआरएसची परीक्षा घेऊ नका. लघवी पाहा. रडताना डोळ्यांत पाणी येतं का पाहा. तोंडाला ओल आहे का, लेकरू आपल्याकडे बघतं का, ते पाहा. हे ठीक असेल तर पाणी पोचतंय.

आणि ही लक्षणं दिसली तर घरी थांबायचं नाही. सहा तास लघवी नाही. डोळे खोल गेले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते. लेकरू सुस्त पडलंय, पिऊ शकत नाही, किंवा पाजलेलं सगळं उलटतंय. शौचात रक्त आहे. भाताच्या धुवणासारखे जुलाब धारेनं होताहेत. अशा वेळी तोंडानं भरणं पुरं पडत नाही, शिरेतून सलाईन लागतं. १०८ ला फोन करा, प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. आपल्या भागात मिहानमध्ये एम्सचं मोठं रुग्णालय आहे, ११ डिसेंबर २०२२ रोजी ते देशाला अर्पण झालं. पण एम्स कितीही जवळ असलं तरी घरापासून तिथवरची वाट आपल्यालाच निभवायची असते. त्या वाटेवरही चमचा थांबवू नका.

जंतू पोटात गेलाच नाही तर सगळ्यात उत्तम. पाणी उकळून घ्या किंवा त्यात क्लोरीनची गोळी टाका. माठात हात न बुडवता ओगराळ्यानं पाणी काढा. शौचाहून आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणानं हात धुवा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा, विहिरीत आणि टाकीत ब्लिचिंग पावडर कधी टाकली, किती टाकली. हा प्रश्न एकटीनं विचारला तर उत्तर टाळतात. गटानं विचारला तर वहीत तारीख दाखवतात.

पुढच्या बैठकीत एक काम करा. एक लिटरची बाटली, चहाचा चमचा, साखर आणि मीठ घेऊन बसा. प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं पाणी बनवायचं आणि बाकीच्यांनी चाखायचं. नवी सून असेल तिला आधी बनवू द्या, सासूबाईंना चाखू द्या. कुणाचा चमचा मोठा, कुणाचा लहान, ते तिथेच कळेल. मग गटाचं एक माप ठरवा आणि ते कागदावर लिहून प्रत्येकीच्या फडताळाच्या दाराला आतून चिकटवा. रात्री दोन वाजता लेकरू जुलाबानं रडत उठलं, तर तेव्हा माप आठवत बसायला नको.